गुडघ्याच्या मापाची गाडी

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
ता. २ सप्टेंबर २०२५

चि. राजेंद्र यास,
आईचा जयभीम आणि लई आशीर्वाद.

विजेच्या गाडीच्या तिन्ही प्रकारांचं तू पाठवलेलं कोष्टक तुझ्या लेकीनं, विशाखानं, दोनदा वाचून दाखवलं. बॅटरी केवढी, पडदा केवढा, काचेचं छत कुणाला. सगळं हाय, तुझ्या वच्छलामावशीचा गुडघा तेवढा नाय.

फोनवर तू व्हय आई म्हणतोस अन् आपलंच करतोस, म्हणून कागदावर सांगते. यंदा दसऱ्याला तुझ्या मावशीला कन्नडहून बुद्धलेणीवर आणायचं ठरलंय. गुडघा मोडल्यापासून चार वर्षं तिला एसटीची पायरी चढवंना, अन् जीपमध्ये पोत्यासारखं ढकलून घेणं तिला मंजूर नाय. मागच्या खेपेला ती किती उंच बसू शकते ते मी परकराच्या नाडीनं मोजून गाठ मारून आणलं. काल सुनेला घेऊन शोरूमला गेले अन् तिन्ही गाड्यांना नाडी लावली. तिथला पोरगा म्हणाला, मावशी काय शोधताय. म्हणलं, बहीण.

सगळ्यात साध्या गाडीची सीट बरोबर गाठीला आली. तुझ्या काचेच्या छतवालीची चाकं मोठी, सीट चार बोटं वर. आभाळ म्हणशील तर पत्र्याच्या भोकांतून मी जन्मभर बघितलंय.

तुझी आई, मुक्ताबाई
(पोत्याचं विशाखा लिहीत नव्हती. मी लिहायला लावलं.)

नाशिक, ता. ९ सप्टेंबर २०२५

ती. आईस,
सविनय जयभीम.

काचेच्या छतवाली गाडी मी आधीच बुक केली होती, तुला सांगायचं धाडस नव्हतं. चार बोटांनी काय होतं, पाट ठेवू, असं वाटलं. मग रविवारी इथल्या शोरूममध्ये गुडघ्याला टॉवेल आवळून, पाय न वाकवता त्या गाडीत चढून पाहिलं. दोनदा पडता पडता वाचलो. लोक हसले. साधी गाडी घेतोय. रंग तरी माझ्या पसंतीचा असू दे.

तुझा राजेंद्र

मुकुंदवाडी, ता. ३ ऑक्टोबर २०२५

चि. राजेंद्र यास,
आईचा जयभीम.

काल तू गाडी चालवत होतास, म्हणून मागं काय चाललं होतं ते तुला ठाऊक नाय. कन्नडला दारात मी हात द्यायला गेले, तर वच्छला म्हणाली की आक्का, बाजूला हो, वाट अडवू नको. अन् बसली. एकटी. मग दौलताबादला सीताफळांसाठी गाडी थांबवली ना, ते सीताफळांसाठी नव्हतं. उतरली, चढली. पिशवी विसरले म्हणून पुन्हा उतरली, पुन्हा चढली. पिशवी तिच्या काखेतच होती.

बुद्धलेणीच्या पायथ्याला तिनं पंचशील म्हणलं ते माझ्यापेक्षा मोठ्यानं. परतताना गाडीत अजून चार्जिंग उरलं होतं, तिच्यात तर त्याहून जास्त. आता तिला पुढची सीट पायजे. ती माझी हाय, हे तू तिला सांग.

नाडीची गाठ सोडली, नाडी परकरात ओवली. रंग बरा हाय.

माया कमी करू नको. माझी हाय तेवढीच हाय, तिला चार्जिंग लागत नाय.

तुझी आई, मुक्ताबाई