ओटा कुठे बांधायचा

ती. बाबांना प्रणालीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. मुरुडजवळच्या या कोळीवाड्यातल्या दवाखान्यात आता रुळले. खोलीवर एकटी असले तरी शेजारून रोज कुणी ना कुणी कालवण आणून देतं, तेव्हा आईला म्हणावं, जेवणाची काळजी नको.

परवा इथल्या बायकांची बैठक झाली. मासळी सुकवायचा ओटा कुठे बांधायचा, ते ठरवायचं होतं. त्यांच्या अध्यक्ष आवडाबाई. त्यांना ओटा खाडीकडे हवा होता, आणि त्यांच्या शब्दाला सगळ्या जणी माना डोलवत होत्या. पण त्याच थांबल्या. म्हणाल्या, "अजून प्राप्तीचं ऐकायचं हाय."

प्राप्ती नवी सून, बाळाला घेऊन मागे बसलेली. ती हळूच म्हणाली, "खाडी लांब पडते. याला कुणाकडं ठेवू?" मग बाकीच्या लेकुरवाळ्याही बोलायला लागल्या. शेवटी हात वर झाले, आणि ओटा वस्तीजवळ ठरला.

दुसऱ्या दिवशी दगड उचलायला आवडाबाईच सगळ्यांच्या आधी हजर! मी विचारलं, "मावशी, तुम्ही हरलात ना?"

"हरले कशी? माझं सगल्यांनी ऐकलं, मंग ठरलं. म्हंजे ओटा माझापन हाय."

शाळेत लोकशाहीचा धडा पाठ केला होता, बाबा. ती दिसते कशी, ते इथे पाहिलं.

तुमचा गुडघा कसा आहे? बोअरवेल गोठ्यामागे मारायची असं तुमचं आणि दादाचं ठरल्याचं कळलं. फोनवर मला हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते. वहिनीला विचारलंत का? पाणी तीच भरते.

तुमची,
प्रणाली