सोनीला किती रंग लागतो

४ नोव्हेंबर, तुमसर

आले बाई एकदाची! अड्याळहून भंडारा, भंडाऱ्याहून तुमसर, दोन एसट्या, आणि सगळा वेळ मांडीवर मेकअपची पेटी. कंडक्टर म्हणाला वर ठेवा. मी म्हटलं, पाहिजे तर मला वर ठेवा. भैय्यालालजींची हंगामा पार्टी, म्हणजे आमचा नाचाचा संच, एका बंद राइस मिलच्या ऑफिसात उतरली आहे. आवारात अजून कोंड्याचा वास येतो, पण खोली ऐसपैस, उजेड भरपूर आणि आरसा थेट माझ्या उंचीचा. मी तिथेच खूश. भाऊबीज काल झाली, आता गावोगाव मंडईची जत्रा भरेल, आणि मंडईच्या मैदानावर दुपारी आमचा नाच. दोन महिन्यांचं काम आहे. मग अड्याळलाच छोटं पार्लर टाकायचं.

ही वही भंडाऱ्याच्या पार्लर-कोर्सची. रोज काय लावलं, किती लावलं आणि कसं दिसलं ते लिहायची तिथल्या मॅडमनी शिस्त लावली. नवरा सुटला, शिस्त नाही सुटली.

घरी सांगितलंय की तुमसरला पार्लरमध्ये लागले. आई, बायाबाई तिचं नाव, तलावातली मासोळी विकते आणि माझ्याहून जास्त बोलते. तिच्याजवळ माझी रुचिका, चार वर्षांची. मी मंडईत कंबर हलवते हे सासरच्यांच्या कानावर गेलं तर ते पोरीला उचलून नेतील, टपूनच बसलेत. म्हणून माझं एकच गणित. ओळखू येणार नाही इतकं लावायचं.

५ नोव्हेंबर

मिलच्या फाटकावर दहा फुटी फ्लेक्स आहे, ‘मिस सोनी, नागपूर’. टोकदार हनुवटी, चढलेल्या भुवया, वरच्या ओठावर उजवीकडे तीळ. भैय्यालालजी म्हणाले की हाच फ्लेक्स चाळीस गावांत लागून गेला, लोक हे तोंड पाहून येतात आणि हे तोंड नसलं तर खुर्च्या फेकतात. तेव्हा आता सोनी मी. आधीची सोनी कुठे गेली विचारलं, तर म्हणाले गुडघा गेला तिचा. मला काय, आयतंच फावलं! दुसऱ्याच बाईचं तोंड लावून नाचायचं, मग मला कोण ओळखतो?

रंगवायला ललिताबाई आहेत. साठीच्या, हात दगडासारखा स्थिर. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड इकडून तिकडे फिरवलं, बाजारात पपई बघावी तसं, आणि म्हणाल्या, ‘‘जागा भरपूर आहे वं. बसते हे.’’

लागलं ते असं. पॅनकेकचे तीन थर. हनुवटीला आणि नाकाच्या दोन्ही अंगांना गडद रंग. माझ्या डाव्या गालावर ठसठशीत तीळ आहे, तो झाकायला चार ठिपके. सोनीचा तीळ काढायला पेन्सिल. भुवया मुळापासून नव्या. दोन तास दहा मिनिटं लागली, आणि फ्लेक्सशेजारी उभी राहिले तर दुसऱ्या रांगेत नाचणारी प्रतिक्षा म्हणाली, ‘‘बाप्पा, हे तर उतरून आली!’’

७ नोव्हेंबर, करडी

पहिला शो. भोवती धान कापून पडलेला, मैदानावर जिलेबीची दुकानं, पाळणा, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढलेले पोट्टे. शिट्ट्या अशा की माइकच ऐकू येईना. नाचायची मला लाज वाटत नाही, अंग माझं आहे आणि ते मला चांगलं वळवता येतं. भीती फक्त नावाने कोणी हाक मारायची. अड्याळचे दोघे दिसले, शेजारच्या आळीतले. टक लावून बघत होते, पण नजरेत ओळख नव्हती. स्टेजवरून उतरले तेव्हा हसूच येत होतं.

परतल्यावर चंद्रकलाबाईने गरम भात वाढला. ही आमची स्वयंपाकीण. लंगडते आणि फारसं बोलत नाही. चुलीचा धूर सोसत नाही म्हणून दिवसभर तोंडाला स्कार्फ बांधलेला, गाडीवर पोरी बांधतात तसा, फक्त डोळे उघडे. मी आपली बडबडत बसले. तिने ऐकून घेतलं.

११ नोव्हेंबर

एक तास वीस मिनिटं. हात बसला म्हणायचा! पॅनकेकचे दोनच थर लागले. ललिताबाईंना म्हटलं, बघा, माझं शिक्षण वाया नाही गेलं. त्यांनी उरलेला डबा बंद करून ठेवला.

१५ नोव्हेंबर, बपेरा

चाळीस मिनिटं. हनुवटीला गडद रंग लावायचा राहूनच गेला आणि तरी कोणाला कळलं नाही. पलीकडच्या मध्य प्रदेशातूनही माणसं आली होती, सगळे सोनी सोनी ओरडत होते. मी तीन वेळा त्या नावाला वळून बघितलं, न ठरवता.

एक गंमत लिहून ठेवते. ओठावरचा पेन्सिलचा तीळ निघत नाही. आधी साबण लावला, मग खोबरेल तेल, मग प्रतिक्षाचं महागाचं क्लिन्झर. कापूस पांढराच राहतो. आणि चार ठिपके आज उरले, कारण गालावर झाकायला काही सापडलं नाही. बोटाने चाचपलं. तिथे गुळगुळीत आहे.

ललिताबाई म्हणाल्या की उन्हाने होते तसं.

१७ नोव्हेंबर

फोन तोंड बघून उघडायचा, तो उघडेना. आरशासमोर नीट धरला, खिडकीपाशी नेला, तरी नाही. शेवटी नंबर टाकला. बिघडला असेल, पडला होता मागे एकदा.

दुपारी घरी व्हिडिओ कॉल केला. तोंड धुतलेलं, काही म्हणजे काही लावलेलं नाही. रुचिकाने पाहिलं आणि फोन आजीकडे दिला. हाक मारली तर आजीच्या लुगड्यात तोंड खुपसलं. आई म्हणाली, ‘‘काहून इतका रंग फासतं वं? पोरगी भेऊन राहिली.’’ मी म्हटलं, पार्लरमध्ये शिकवणं चालू आहे, म्हणून. नंतर जेवण गेलं नाही.

२० नोव्हेंबर

आज फक्त लिपस्टिक आणि पापण्या. सहा मिनिटं.

प्रतिक्षाला बाजूला घेऊन विचारलं, हे तोंड मुळात कोणाचं? आधी उडवाउडवी केली, मग सांगितलं. फ्लेक्सवाल्या भूपेशने पाच वर्षांपूर्वी चार पोरींचे फोटो कम्प्युटरवर मिसळून हे बनवलं. एकीची हनुवटी, एकीचे डोळे. ‘‘हे कोनाचीच नाई. अशी बाई जगात नाई.’’ मग म्हणाली की म्हणूनच ती दुसऱ्या रांगेत नाचते, पुढे बोलावलं तरी जात नाही. मला आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाली, ‘‘सांगतली असती तर मलेच पुढं उभं केलं असतं.’’

मला तिचा राग आला. अजून आहे.

२१ नोव्हेंबर

काल रात्रभर विचार करून आज ललिताबाईंशी भांडले. मला माझं तोंड परत द्या म्हटलं. ओरडलेच. त्या शांतपणे ब्रश धूत होत्या. म्हणाल्या, मी काही घेतलं नाही, तूच म्हणत आलीस ना की कोणी ओळखू नये.

आरडाओरडा ऐकून चंद्रकलाबाई चुलीपुढून उठून आली. माझा हात धरून मागच्या ओसरीवर नेलं. तिथे भर उन्हात तिने स्कार्फ सोडला.

टोकदार हनुवटी. चढलेल्या भुवया. ओठावर उजवीकडे तीळ. थोड्या सुरकुत्या, बाकी सगळं तेच. तोंडावर पावडरसुद्धा नव्हती.

म्हणाली, ‘‘दोन वर्ष सोनी होती मी. मंग गेली घरी. सासूनं पानी देल्लं, पाहुनीले देते तसं. माहेच पोट्टे इचारत होते, मावशी, कोन्या गावची तू?’’ दोन दिवस तिने समजावलं. तिसऱ्या दिवशी दिराने एसटीत बसवून दिलं, तिकीटही त्यानेच काढलं, चांगला माणूस आहे म्हणाली. मला म्हणाली, थोडंही शिल्लक असेल तर आजच जा.

मी आरशात शोधलं. कानाच्या पाळ्या माझ्या आहेत. बहुतेक.

२२ नोव्हेंबर, अड्याळ

आजची मंडई माझ्याच गावची. मुद्दाम काही लावलं नाही. लिपस्टिकसुद्धा नाही. मनात म्हटलं, ओळखा मला, शिव्या द्या, सासरी सांगा, रुचिकाचं काय ते मी बघून घेईन — पण ओळखा.

पहिल्या रांगेत बाबुलालमामा. सख्खा मामा, लग्नात मला उचलून मांडवात आणलेला. नाचता नाचता मी थांबले आणि माइकवर म्हटलं, मामा, मी करुणा. तो हसला. बाजूच्याला कोपर मारून म्हणाला, ‘‘नागपूरची बाई मले मामा म्हनून राहिली!’’ आणि शिट्टी घातली.

तसाच शो सोडला. पायातले घुंगरू सोडत घरी पळाले. दार आईने उघडलं.

‘‘कोन पायजे बाई?’’

म्हटलं आई, मी. ती माझ्या मागे रस्त्यावर बघत होती, मी कोणाबरोबर आले ते. रुचिका तिच्या मागून डोकावली. आईने मला पाणी दिलं.

२३ नोव्हेंबर, तुमसर

मार्ग सापडला आहे. इतका सोपा की हसू आलं. जे तोंड रंगाने आलं ते रंगानेच झाकायचं. मी शिकलेली बाई आहे. करुणाचा मेकअप करायचा.

फोनमध्ये रुचिकासोबतचा फोटो आहे, तो समोर ठेवला. हनुवटी गोल करायला बेस जाड लागतो. भुवया खाली आणायच्या. गालावर तीळ. ओठावरचा झाकायला चौदा ठिपके, परत वर येतो. तीन तास पन्नास मिनिटं. सावळा रंग माझ्या पेटीत कमी होता, प्रतिक्षाने तिची बाटली दिली. देताना रडत होती.

चंद्रकलाबाईने बघितलं आणि म्हणाली, कोण ही, गोड आहे.

२४ नोव्हेंबर, अड्याळ

आईने दार उघडलं आणि म्हणाली, ‘‘आली का? वाळली किती!’’ रुचिका धावत येऊन पायांना मिठी मारून बसली. सोडेना. मी अंगणातच रडणार होते, पण रडून चालत नाही, ओघळ पडतात. वर बघत राहिले.

मी घरी आहे. हे लिहून ठेवते. मी घरी आहे.

२६ नोव्हेंबर

घरात सगळे उठायच्या आत न्हाणीत जाऊन पुन्हा लावते. रोज जास्त लागतं. भिंतीला टेकून बसून झोपते, गाल उशीला लागू नये म्हणून. आई म्हणते मासे कापायला बस. चुलीपुढे बसता येत नाही, घाम येतो. रुचिका मुका मागते. केसांवर देते.

२७ नोव्हेंबर

बाटली अर्ध्याच्या खाली. पवनीच्या दुकानात हा रंग नाही. भंडाऱ्याला जाईपर्यंत टिकेल का — वाटेत घाम आला तर —

आईने आज दोनदा निरखून बघितलं. विचारलं, तब्येत बरी आहे ना. काल मामा येऊन सोनीच्या गप्पा मारून गेला, माझ्याचसमोर.

२८ नोव्हेंबर

भुवया वर चढतात. रंगाच्या खालून. दुपारी आरशात बघितलं तर दोन भुवया, काढलेली आणि —

रुचिका म्हणाली, आई, तू हसतं तवा दुसरीच हसते. मी आता हसत नाही.

२९ नोव्हेंबर

हळद, कोळसा, कढईची काजळी, तेल. थोडं जमलं. आईने विचारलं कढई कोणी घासली.

पळून जाऊ का. पोरीला घेऊन. पण सोबत कोण आहे म्हणून विचारलं तर ती काय सांगेल —

३० नोव्हेंबर

बाटलीतून काही निघालं नाही. तोंडावर कालचंच आहे, सुकलेलं.

आई मासोळी घेऊन बाजारात गेली. घरात आम्ही दोघीच. रुचिका म्हणते तुह्या तोंडाले भेगा पडल्या, पुसून देऊ? नको म्हटलं. ऐकत नाही. ओला पंचा घेऊन आली आहे. तिचा हात धरवत नाही, सहा दिवसांत मी तिला नीट हातही लावू दिलेला नाही. लिहीत राहते, म्हणजे तिच्याकडे बघायला नको —

किती हलका हात आहे — कपाळ झालं — फुंकर घालते मधेच — गाल — आई, इथं गोरी निघाली तू — हसतेय — हनुवटी —

थांबली.

पंचा पडला. मी म्हटलं रुचिका, मीच आहे, आवाज ऐक, मीच — मागे सरकतेय — दाराशी गेली, बाहेर तोंड करून हाक मारतेय, आई, ए आई, घरात कोन बाई आहे पाय — मी ओ दिली — आणखी जोरात, आई, लवकर ये — मी परत ओ —