दिवा नसलेलं दीपगृह

४ फेब्रुवारी

चि. चिमणीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. त्यांतले थोडे मेहुण्यांना दिलेस तरी चालेल, पण हे पत्र मात्र त्यांना दाखवू नकोस.

इकडे सर्व ठीक. दवाखाना आता सकाळचाच ठेवलाय. दुपारी लोकांच्या तोंडात डोकावलं की मला माझं जेवण पचत नाही. दातांच्या डॉक्टरने ही गोष्ट बोलू नये, पण तू घरची आहेस.

आता काम. तुझ्या त्या परदेशातल्या गावात बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, चष्मेवाल्याच्या शेजारी, जुन्या टपाल-तिकिटांचं दुकान आहे. मी फक्त दीपगृहांची तिकिटं जमवतो आणि आजवर एकही दीपगृह प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, यावरून तू मला पोटभर हसून झालेली आहेस. तर त्या दुकानात एक तिकीट आलंय. छापताना त्यातला पिवळा रंगच द्यायचा राहिला. त्यामुळे समुद्र आहे, बोटी आहेत, दीपगृहही आहे, पण दिवा नाही. अशी फार थोडी तिकिटं छापखान्यातून सुटली. पैसे मी दुकानदाराला पाठवले आहेत. तू फक्त जाऊन ताब्यात घ्यायचं.

ते त्याच्याकडूनच का मागवत नाही, असं विचारशील. गेल्या वर्षी परदेशातून साधी तिकिटं मागवली होती. आधी त्यांच्यावर कस्टमची ड्यूटी लागली. मग तिकिटं आणि ड्यूटी यांच्या बेरजेवर कर. मग टपालखर्चावर कर, आणि हे सगळं मोजायचे कष्ट घेतले म्हणून पोस्टाचं वेगळं शुल्क. मी खिडकीवरच्या माणसाला म्हटलं, की टपालाच्या तिकिटाच्या टपालखर्चावर कर लावणं म्हणजे कवळीला कवळी बसवण्यासारखं आहे. त्याने माझ्यामागच्या माणसाला पुढे बोलावलं.

म्हणून ते तिकीट साध्या पत्राच्या दोन पानांमध्ये घालून पाठव. काही लिहावंच लागलं तर ‘भेट, किंमत किरकोळ’ असं लिही. तुझ्या वहिनीला मी किंमत सांगितली आहे. सगळी नाही, पण पहिला आकडा अगदी बरोबर सांगितला आहे.

उन्हाळ्यात आम्ही तुझ्याकडे येणार होतो, ते यंदा जमेलसं दिसत नाही. वहिनीचे गुडघे फार दुखतात. तिला त्याबद्दल लिहू नकोस. विषय निघाला की जास्त दुखतात.

लोभ आहेच. वाढला असल्यास तिकिटासोबत पाठवावा.

तुझा,
दादा

*

१९ फेब्रुवारी

ती. दादास,

साष्टांग नमस्कार, आणि त्याच वाकण्यात माफीही मागून घेते.

हे कस्टममधून निवृत्त झाले, पण कस्टम काही यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. मी बाजारातून आले की पिशवी आधी टेबलावर रिकामी होते, बिलाशी ताडून पाहिली जाते, आणि मगच कांदे-बटाट्यांना स्वयंपाकघरात प्रवेश मिळतो. तुझं पाकीट जाड होतं. यांनी ते उजेडासमोर धरलं, तळहातावर तोललं आणि उघडलं. मेहुण्यांना दाखवू नकोस, हे वाक्य मेहुण्यांनीच मला मोठ्याने वाचून दाखवलं.

रागावले नाहीत. पण म्हणाले, की ज्याचे पैसे दादांनी मोजले ती भेट होऊच शकत नाही. किंमत खोटी लिहिली आणि पाकीट वाटेत गहाळ झालं तर भरपाईही त्या खोट्या किमतीचीच मिळते. आणि दडवलेलं सापडलं तर तिकीट जातं, वर दंड बसतो. आयुष्यभर लोकांच्या ट्रंका उघडल्यावर स्वतःच्या मेहुण्याचा चोरटा माल आपल्या घरातून जाऊ देणार नाही, असंही म्हणाले. ‘चोरटा माल’ म्हणताना त्यांचा चेहरा किती उजळला होता, तुला काय सांगू.

मग स्वतः दुकानात गेले, तिकीट आणलं आणि जेवणाच्या टेबलावर कागद मांडून बसले. आम्ही त्या दिवशी मांडीवर ताटं घेऊन जेवलो. मालाचं वर्णन, मूळ, वय, किंमत, ती तितकी का, सगळं सविस्तर लिहिलंय, आणि खरी किंमत पार्सलाच्या बाहेरही लिहिलीय. एका ठिकाणी तर ‘कागद, छापील, मागे डिंक, दिव्याविना’ असं आहे. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांना शीळ घालताना ऐकलं.

वहिनीच्या गुडघ्यांचं वाचून जीव कळवळला. तू नको म्हणालास म्हणून तिला पत्र लिहिलं नाही, पण त्याच पार्सलात तिच्यासाठी गुडघ्यांचे लोकरी पट्टे घातले आहेत. यांनी त्यांचीही रीतसर नोंद केली आहे. पार्सल घरच्या पत्त्यावर रवाना झालंय.

राग आला तर तो यांच्या नावे लिहावा आणि माया माझ्या नावे ठेवावी.

तुझी,
चिमणी

*

३ मार्च

चिमणे,

आशीर्वाद तूर्त राखून ठेवले आहेत.

पट्टे कशाला पाठवलेस? गुडघ्यांचा विषय आमच्या घरात काढायचा नाही, हे मी स्पष्ट लिहिलं होतं. आणि मेहुण्यांनी म्हणे पार्सलावर, बाहेरच्या अंगाला, खरी किंमत लिहिली आहे. अगं, एवढी मोठी गोष्ट माणूस स्वतःच्या बायकोला सांगत नाही, ती पार्सलावर लिहायची?

पार्सल परत बोलावता येतं का, ते बघ. मी पोस्टमनला गाठून, माझ्या नावाचं जे येईल ते दवाखान्यात आणून दे म्हणून सांगितलं. पण एकदा त्याची दाढ माझ्या हातून निघाली आहे, आणि तेव्हापासून तो दवाखान्यासमोरून जातच नाही. पलीकडच्या फुटपाथावर जाऊन, भिंतीकडे तोंड करून चालतो. त्याने सगळं ऐकून घेतलं, तोंडावर हात ठेवून मान हलवली आणि सायकलवर बसून निघून गेला. ती मान होकाराची होती की नकाराची, कळलं नाही.

घाईत आहे. लोभाचं पुढच्या पत्री बघू.

दादा

*

१८ मार्च

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार. तुम्हाला पत्र लिहिण्याचं काम आजवर तुमच्या दादांकडे होतं. ते त्यांनी नीट केलेलं नाही, म्हणून आजपासून मी माझ्याकडे घेतलं आहे.

पार्सल कस्टमने अडवलं आणि त्याची नोटीस घरी आली. पोस्टमनने ती माझ्या हातात दिली आणि डॉक्टर घरात नाहीत ना, असं विचारलं. नोटिशीत दोन वस्तू होत्या. एक तिकीट आणि गुडघ्यांच्या पट्ट्यांची जोडी. तिकिटाची किंमत वाचून मी आधी चष्मा पुसला. मला सांगितली होती तिच्यापुढे बरीच शून्यं उभी होती. पट्टे कुणाचे, ते मात्र चष्मा पुसूनही कळेना.

वन्सं, माझे गुडघे ठणठणीत आहेत. तुमच्याकडचा समुद्र बघायचा तर चालता आलं पाहिजे, म्हणून मी हिवाळाभर रोज संध्याकाळी फिरायला जात होते. मला असं सांगण्यात आलं होतं की तुमच्या घरी रंगकाम निघालंय आणि उन्हाळाभर पाहुणे नकोत. मला वाईट वाटलं होतं, आता लिहायला हरकत नाही. प्रवासासाठी ठेवलेले पैसे कुठे गेले, तेही त्या नोटिशीने सांगितलं. त्यांतले निम्मे माझ्या शिवणाच्या क्लासचे होते.

जेवताना नोटीस त्यांच्या पाण्याच्या पेल्याखाली ठेवली. त्या दिवशी त्यांनी शेवटपर्यंत पाणी प्यायलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं परदेशी टपालाच्या कचेरीत गेलो. लांब हॉल, मधोमध वजनाचा काटा, आणि जिकडे तिकडे चिकटपट्टीचे तुकडे. काउंटरवर एक अधिकारीणबाई होत्या. त्यांनी आमच्या पार्सलातले कागद टेबलभर पसरले होते. त्यांचं म्हणणं असं, की खरा माणूस दोन ओळी लिहितो. ज्याने इतकी पानं लिहिली त्याने नक्की काहीतरी दडवलंय. म्हणून त्यांनी पट्ट्यांची शिवणही उसवून पाहिली होती. बाईंचा हात चांगला आहे. कापडाला कुठे इजा नव्हती, मी पुन्हा शिवून घेतले असते.

मग त्यांनी विचारलं, की चित्रातला दिवा छापायचा राहिला असेल तर हा सदोष माल झाला, त्याची किंमत कमी व्हायच्या ऐवजी वाढली कशी. तुमच्या दादांनी खिशातून भिंग काढलं आणि समजावू लागले. मागच्या रांगेतले लोकही पुढे सरकले. बाईंनी भिंगातून पाहिलं, काट्यावरच्या माणसाने पाहिलं, मीही पाहिलं. खरं सांगते, सुंदर आहे. लाटा केसाएवढ्या बारीक आहेत.

पण बाई तिकिटावर खूश झाल्या तरी आकड्यांवर झाल्या नाहीत. किमतीबद्दल वाद घालायला जागाच नव्हती, तुमच्या यजमानांनी सगळं सिद्ध करूनच पाठवलं होतं. ड्यूटी, तिच्यावर कर, वर शुल्क. सगळं भरा नाहीतर पार्सल नाकारा, ते आलं तिथे परत जाईल, असे दोनच मार्ग. तुमच्या दादांच्या खिशात एक पाकीट होतं. प्रवासाच्या पैशांतलं जे उरलं होतं ते. मी ते ओळखलं, कारण पाकीट माझ्या क्लासचं होतं. मी काटा बघत उभी राहिले.

बाईंनी विचारलं की वस्तू कशासाठी मागवली, संग्रहासाठी की भेट म्हणून. तसं लिहावं लागतं. तुमचे दादा बराच वेळ भिंग पुसत राहिले. मग म्हणाले,

“बाई, हिच्यासाठी समुद्राचं तिकीट काढायचं होतं. मी भलतंच तिकीट काढून बसलो. हे परत पाठवा.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. कशासाठी, त्या रकान्यात काय लिहिलं कोण जाणे. घरी येताना मला त्यांची दया आली, पण रागाहून जास्त नाही.

तेव्हा पार्सल आलं की तिकीट दुकानात परत करून पैसे तुमच्याकडे ठेवा. आम्ही मे महिन्यात येतोय. रंग ओला असला तरी येऊ.

तुमच्या मायेवर माझा हक्क आहे असं समजून थांबते.

तुमची,
वहिनी

*

२० एप्रिल

ती. दादा आणि वहिनी यांस,

दोघांना मिळून एकच नमस्कार. वाटून घ्यावा, भांडू नये.

पार्सल परत आलं, पण घरी आलं नाही. इथल्या कस्टमने अडवलं. बाहेरून येतंय म्हणजे आयात, आयात म्हणजे कर. यांच्या स्वतःच्या खात्याने यांच्याकडे कर मागितला, दादा. मी हसू आवरायला गॅलरीत जाऊन उभी राहिले.

हे कडक कपडे करून कचेरीत गेले. समोर नेमका यांच्याच हाताखाली शिकलेला अधिकारी. तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, चहा मागवला आणि नम्रपणे म्हणाला की माल इथूनच गेला होता याचा पुरावा दिलात तर कर माफ आहे. पुरावा कुठे, तर बंद पार्सलाच्या आत. आपले सगळे कागद यांनी काळजीने, प्रतींसकट, आत घातले होते. मग पार्सल उघडा, म्हणाले. तो म्हणाला, पुराव्याआधी उघडायचं नाही, ही शिस्त साहेब तुम्हीच लावलीत.

हे घरी आले आणि खिडकीशी बसून राहिले. मी विचारलं तर म्हणाले, पोरगं बरोबर आहे. दुःख नेमकं त्याचंच होतं.

शेवटी तिकिटाच्या दुकानदाराने आपल्याकडचं बिल दाखवलं आणि पार्सल सुटलं. त्याने तिकीट परत घेतलं, थोडे कापून बाकीचे पैसे दिले. ते माझ्याकडे आहेत, वहिनी. पट्टे हे स्वतः वापरतात. आणि काल मी बाजारातून आले, तर पिशवी कुणी उघडलीच नाही. मला चुकल्यासारखं झालं.

आमच्या घरी रंगकाम नाही, कधी नव्हतंही. या. गच्चीवरून पाण्याची रेघ दिसते. पुढचं बोलणं आता तोंडी.

तुमची,
चिमणी

*

९ जून

चि. चिमणीस,

सगळे आशीर्वाद, मागचे राखून ठेवलेलेही.

सुखरूप पोचलो. येताना विमानतळावर तुझ्या वहिनीने, कुणी न विचारता, पिशवीतले शिंपले अधिकाऱ्याला दाखवले. तो म्हणाला की यांवर काही नाही. तिला ते पटलं नाही, एवढ्या चांगल्या गोष्टीवर काहीच नाही म्हणजे काय.

ते तिकीट मी दुकानात जाऊन पुन्हा एकदा पाहिलं, हे तुला मेहुण्यांनी सांगितलंच असेल. ते सोबत आले होते, आणि माझ्याआधी त्यांनीच भिंग मागितलं.

एक गोष्ट तिथे सांगायची राहिली. आपण दीपगृह पाहायला गेलो तेव्हा तुम्ही दोघं खाली बाकावर थांबलात आणि आम्ही वर गेलो. जगातल्या दीपगृहांची उंची मला तोंडपाठ आहे. मला उंचीची भीती वाटते, हे मात्र वर गेल्यावर कळलं. वारा असा, की बोलणं तोंडातून उडून जात होतं. मी भिंतीला पाठ लावली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तिथे पोचलो आणि समोरचं पाहण्याची छाती होईना.

तुझ्या वहिनीने माझा दंड धरला आणि सांगायला लागली. एक लाल बोट परत येते आहे, तिच्यावर कुणीतरी सदरे वाळत घातलेत. खडकांवर पक्षी जागेसाठी भांडताहेत. पलीकडे पाण्याचा रंग एकदम गडद होतो, जणू कापडाला वेगळ्या रंगाचं अस्तर लावलंय. मी डोळे मिटून ऐकत होतो, आणि चिमणे, मला सगळं दिसलं. भिंगातूनही कधी इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं.

इथे आल्यावर मी ती लाल बोट प्रत्येक पेशंटला सांगितली. तोंड उघडं असल्यामुळे कुणी मधे बोलत नाही. काल संध्याकाळी वहिनीला म्हटलं, की तू होतीस म्हणून मला समुद्र दिसला. ती मशीनवर काहीतरी शिवत होती. मशीन न थांबवता म्हणाली,

“बोट लाल म्हणाले होते का मी? डोळे तर मीही मिटले होते.”

तू तेव्हा खाली बाकावर होतीस, म्हणून तुलाच विचारतो. त्या दिवशी समुद्रात एखादी लाल बोट होती का? असली तर लगेच लिही. नसली, तर सावकाश लिहिलंस तरी चालेल.

लोभ होता तेवढाच राहू दे, कमी करू नकोस.

तुझा,
दादा