सहज सुचण्याजोगं चाक

४ फेब्रुवारी

चाक मला खरं कितीला पडलं ते एकदा मांडून ठेवतो. डाव्या करंगळीचं नख – गेलं, नीट परत आलं नाही. बायकोची शिवणाची खोली – साच्यांनी भरून चौदा महिने झाले, मशीन स्वयंपाकघरात आलं. फुटलेली ओतकामं सहा, सातवं टिकलं. एक जुनं गिऱ्हाईक – त्याचा डोझर अकरा दिवस अडवून ठेवला, कारण मला त्याच्या चाकातला चिखल वाळताना बघायचा होता! गिऱ्हाइकाला हे कारण पटलं नाही. मोठ्या भावाशी बोलणं – बंद होतं, सुरू झालं, परत बंद व्हायच्या बेतात आहे.

आणि एवढं घालून आज हातात काय, तर पेटंट ऑफिसचं पत्र. आक्षेप. वकीलबाईंनी फोनवर वाचून दाखवलं. परीक्षक म्हणतात, माझ्या चाकातली युक्ती "या क्षेत्रातल्या जाणकार माणसाला सहज सुचण्याजोगी आहे."

सहज!

५ फेब्रुवारी

सहज म्हणे.

११ फेब्रुवारी

वकीलबाईंच्या ऑफिसात गेलो. खुर्च्या इतक्या मऊ की माणूस भांडायचंच विसरतो. त्यांनी परीक्षकसाहेबांनी जोडलेलं जुनं चित्र दाखवलं. चाळीस वर्षांपूर्वीचं, कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याचं. डोझरचं पुढचं चाक, कडेला खाचा पाडलेल्या. साहेबांचं म्हणणं – खाचा आधीच होत्या, तुम्ही फक्त आकार बदललात.

फक्त!

सुनावणीला बोलायची पाळी आली तर काय सांगायचं ते इथेच लिहून बघतो. साहेब, डोझर लोखंडी पट्ट्यावर चालतो. त्या पट्ट्याला आम्ही चेन म्हणतो. चेन पुढच्या चाकावरून वळते, तेव्हा चिखल आणि खडी चेन आणि चाकाच्या मधे दाबली जाते. थर चढतो, चाक जाड होतं, चेन ताणली जाते आणि एक दिवस तुटते. खाचा पाडल्या की चिखल त्यांतून चाकाच्या पोकळीत पडतो आणि बाजूने निघून जातो, हे खरं. पण सरळ खाचेत खडा अडकतो. एक अडकला की त्याच्यामागे दुसरा, आणि दोन तासांत खाच बुजते. माझी खाच बाहेरून चिंचोळी आणि आत रुंद आहे. जो खडा तोंडातून शिरला, त्याला पुढे जागाच जागा. अडकेल कशाला?

एवढंच आहे. एवढंच सुचायला मला एकतीस वर्षं लागली. त्या एकतीस वर्षांत बाकीचे जाणकार काय करत होते? झोपले होते?

तिथे हेच बोलून दाखवलं तेव्हा वकीलबाई हसल्या. म्हणाल्या, "हे शेवटचं वाक्य नका म्हणू. बाकी सगळं म्हणा."

१९ फेब्रुवारी

दादाकडे गेलो होतो. दादा मोठ्या कारखान्यात नकाशे तपासून निवृत्त झाला. आमच्या घरात पदवी एकच, आणि ती त्याच्या भिंतीवर आहे. मी सातवीतून उठलो. पत्र दाखवलं. त्याने चष्मा वर ढकलून वाचलं, "हं" म्हणाला, आणि पाणी प्यायला आत गेला.

माझे कान तिखट आहेत हे तो चाळीस वर्षांत शिकला नाही. चार रस्ते पलीकडून डोझर चालला असेल तर कुठल्या बाजूचं चाक बुजलंय ते मी घरात बसून सांगतो – मग स्वयंपाकघरातलं कुजबुजणं म्हणजे काय! वहिनीला म्हणाला, "कुठेतरी पाहिलं असेल गं त्याने. पान्याच्या पलीकडे त्याला काय कळतं?"

बाहेर आला तेव्हा मी उभा होतो. म्हटलं, "दादा, पाहिलेलं नाही. एकतीस वर्षं चाकं उघडतोय, असं चाक पृथ्वीच्या पाठीवर नव्हतं. असलं तर दाखव, मी मिशी काढतो."

"अरे, मी कुठे काय म्हणालो?"

"भावजी, चहा घेऊन जा," वहिनी.

चहा घेतला. वहिनीशी माझं भांडण नाही.

२० फेब्रुवारी

वहिनीने चहात साखर जास्त घातली होती. मला सगळं ऐकू गेलंय हे तिला कळलं होतं.

२ मार्च

सुनावणीची तारीख लागली – २४. वकीलबाईंनी एक कागद पाठवला, सही करून परत हवा. मजकूर असा की, हे चाक मी स्वतः शोधलं, दुसऱ्या कुणाकडून घेतलेलं नाही, आणि असं चाक माझ्या माहितीत आधी कुठेही नव्हतं. स्टूलवर बसून तिथल्या तिथे सही ठोकली. दोनदा वाचायचीही गरज वाटली नाही.

वेल्डर बाजूलाच होता. हा माझ्याकडे अठरा वर्षं आहे. सगळे त्याला ठिणगी म्हणतात, कारण बोलला की चटका बसतो. म्हणाला, "मालक, 'स्वतः' खाली दोन रेघा मारा. साहेबांना कमी दिसत असेल."

"मारल्या असत्या. पण तुझ्या रेघेसारखी वाकडी आली तर?"

मग त्यावरून विषय निघाला. कुणी लोखंड घासलं हे मी घासल्याच्या रेघांवरून सांगतो, नाव न विचारता. ठिणगी दाबून घासतो, रेघा खोल. मी हलक्या हाताने. दोघेही उजव्या हाताचे, म्हणून रेघा एकाच बाजूला झुकतात. उस्तादांच्या उलट्या झुकायच्या. डावखुरा माणूस! त्यांच्याकडे नऊ वर्षं राबलो. शिकवलं म्हणून काही नाही. काम पाठ करून करायचे, म्हणजे आमच्याकडे पाठ करून. मी खांद्यावरून डोकावून शिकलो. उस्तादांनी मला दिलं काय? शिव्या आणि हे स्टूल.

स्टूलही असं धूड की हलवायला दोघं लागतात. मी वर्कशॉप उघडलं त्या दिवशी हातगाडीवर घालून पाठवलं होतं – तीन पाइपांचे पाय, वर काहीतरी जड गोल, सगळ्याला पोतं शिवलेलं. निरोप काय, तर "म्हणावं, बसून बघत जा." स्वतः आले नाहीत. त्या पावसाळ्यातच गेले. पुढे बायकोने पोत्यावरूनच हिरवं रेक्झिन चढवलं.

म्हणून म्हणतो – मी कुणाच्या ओंजळीने पाणी प्यायलेलो नाही.

१० मार्च

बायको डबा घेऊन आली. मी स्टूलवर, हात खाली, बोटं बुडाखाली घातलेली. माझी जुनी सवय. विचार चालू असला की बोटं आपोआप तिथे जातात, खाली पोत्यातूनही हाताला लागतील असे खळगे आहेत.

"अहो, काय शोधता तिथे सारखं? बावीस वर्षं झाली, सापडलं का?"

"अक्कल शोधतोय."

"सापडली की मला थोडी द्या. शिवणाची खोली परत मागायला लागेल."

खोली परत द्यायचं कबूल केलं. निकाल लागला की.

२३ मार्च

उद्या. बादली भरून ठेवली.

२४ मार्च

सगळं लिहितो, एक अक्षर सोडत नाही!

पेटंट ऑफिसच्या दारात रखवालदाराने अडवलं. माझ्या एका हातात चिखलाची बादली, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत चाकाचे दोन तुकडे. एक जुन्या चित्रासारखा, सरळ खाचेचा. दुसरा माझा.

"हे काय?"

"पुरावा."

"ह्यात काय आहे?"

"चिखल. खडी पण आहे, हवी असेल तर."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. पण त्याने सोडलं. मला वाटतं त्यालाही पुढे काय होतंय ते बघायचं होतं.

बाहेर बाकावर बसलो होतो. आत दोन कारकून. पहिला, "तो गॅरेजवाला आलाय, बादलीवाला." दुसरा, "आता फरशी कोण पुसणार?" मी इथूनच म्हटलं, "मी पुसेन, काळजी नको!"

परीक्षकसाहेब बारीक अंगाचे, माझ्या मुलाच्या वयाचे, आवाज इतका खाली की दुसऱ्या कुणाला पुढे वाकावं लागलं असतं. मला नाही लागलं. समोर माझी फाइल, तिच्यावर पेन्सिलीच्या खुणा – खूप. म्हणजे माणसाने वाचलंय! तिथेच माझा अर्धा राग गेला. राग धरून ठेवावा लागला, नाहीतर बोलणार काय?

म्हटलं, "साहेब, तुम्ही लिहिलंत सहज सुचण्याजोगं. आता तुम्ही जाणकार आहात. हा सरळ खाचेचा तुकडा. हा चिखल. साफ ठेवून दाखवा."

वकीलबाईंनी माझ्या बुटावर बूट ठेवला. पण साहेबांनी बाह्या सरसावल्या! टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि स्वतःच्या हाताने चिखल दाबला. तिसऱ्या दाबाला खडा अडकला. काडीने ढकलला, हलला नाही. मग माझा तुकडा. दाबला, खडा आत गेला आणि खाली कागदावर पडला – टप्. परत दाबला, टप्. सहा वेळा केलं त्यांनी. चेहरा शाळेतल्या पोरासारखा झाला होता.

मग हात पुसत विचारलं, "हे तुम्हाला सुचलं कसं?"

खरं तेच सांगितलं. "बसल्या बसल्या सुचलं, साहेब. दुकानात नेहमीच्या जागेवर बसलो होतो, हात खाली लोंबत होता, समोर बुजलेलं चाक. आणि एकदम कळलं की आतून रुंद पाहिजे. जणू हातालाच कळलं."

"आधी कुठे असं पाहिलं होतं?"

"नाही. एकतीस वर्षांत नाही. पृथ्वीच्या पाठीवर नाही."

त्यांनी लिहून घेतलं. पेन थांबलं. म्हणाले, "कागदावर शोधकाचं नाव म्हणून तुमचं एकट्याचं नाव जातंय. यात पुढे काही वेगळं आढळलं तर कळवायचं असतं, हे माहीत आहे ना?"

"आढळलं तर मीच तुम्हाला आणून दाखवीन," म्हटलं. "बादलीसकट!"

हसले. आवाज न करता, पण हसले.

फरशी पुसून आलो. शब्द दिला होता.

२५ मार्च

दादाला फोन केला नाही. त्याला आपोआप कळू दे.

३१ मार्च

ठिणगी रोज विचारतो, "मालक, मिशी आहे का अजून?" आहे. राहील.

७ एप्रिल

आज चार वाजता वकीलबाईंचा फोन. साहेबांनी आक्षेप मागे घेतला! हुकूम आठवड्यात निघेल. चाकावर माझं नाव. माझं! सातवीतून उठलेल्याचं.

फोन ठेवला आणि काही सुचेना. उगाच ग्राइंडर सुरू केला, बंद केला. ठिणगी म्हणाला, "रडायचं तर रडा, मी पाठ करतो." मी कुठला रडतोय! डोळ्यात लोखंडाचा कीस गेला होता.

मग दादाला फोन. मुद्दाम सावकाश सांगितलं. पलीकडून, "कुठे पाहिलं नव्हतंस ना, खरंच?"

"नाही."

"मग मी चुकलो."

तेरा वर्षांचा होतो, शाळा सुटली होती, तेव्हापासून या तीन शब्दांची वाट बघत होतो. आले तेव्हा नीट ऐकू आले नाहीत असं सांगून परत म्हणवून घेतले! ऐकू मला पहिल्यांदाच आले होते.

बायकोला शिवणाची खोली परत. तिने लगेच हुकूम सोडला – पेटंटचा कागद आला की फोटो काढायचा, मालकाच्या जागेवर बसून. पण त्या फाटक्या स्टूलवर नाही. नवं रेक्झिन आणलंय, तपकिरी. उद्या जुनं सगळं उसवणार, आतल्या पोत्यापर्यंत.

८ एप्रिल

पोत्याखाली डोझरचं पुढचं चाक निघालं. कडेला खाचा. बाहेरून बोट शिरत नाही, आतून दोन बोटं बसतात. माझीच बसतात, सवयीने. आतली बाजू हाताने घासून रुंद केलेली. रेघा उलट्या झुकलेल्या.

ठिणगी बघत राहिला.

वकीलबाईंना फोन केला, शोधकाचं नाव चुकलंय म्हणून. त्या म्हणाल्या, "हे आणखी कुणी पाहिलंय?" म्हटलं, साहेबांची वेळ घ्या, चाक घेऊन येतो. मग दादाला फोन लावला.

बावीस वर्षं मी त्या चाकावर बसून होतो.