ईश्वरप्पाने वाढवलेला द

बिस्मिल्ला करून लिहिते.

मी, खैरून इमामसाब पेटीवाले, वय एकाहत्तर, धंदा बाजाच्या पेट्या दुरुस्त करणे, राहणार उदगीर, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी अक्कल ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टर आरती यांनी दिला आहे. काळीज मात्र आकाराने वाढलं आहे असं त्याच म्हणतात, म्हणून ही घाई. माझ्यावर कोणाचा दाब नाही. भागवत वकील तर उलट मला दर ओळीला थांबवूनच राहिले आहेत.

वकिलांनी मसुद्यात जागोजागी 'माझ्या मालकीचे' असं घातलं होतं. ते मी काढायला लावलं. माझे वडील इमामसाब पेटीवाले यांच्यासमोर कोणी मालकीची भाषा केली, की ते हातातली पेटी उघडून दाखवत. म्हणत, "बघ, भाता एकच हाय. वारा एकच हाय. ह्यो सूर म्हणतो मी वाजतो, त्यो म्हणतो मी वाजतो. वारा काढून घे, मग बघू कोण वाजतंय." तरुणपणी कंधारच्या उरसात एका बुजुर्गाजवळ बसून ते दोन शब्द शिकून आले होते : हमा ओस्त. फारसी आहे. सगळं तोच आहे, असा अर्थ. मोठ्या किताबांत याला वहदतुल वुजूद म्हणतात. असणं एकच आहे, ते त्याचं, आणि आपण सगळे त्या असण्यावर असलेले. अब्बांना दोन शब्द पुरले.

तेव्हा या कागदात 'माझे' येईल तिथे 'सध्या माझ्याकडे असलेले' असं समजावं. वकील म्हणाले, "मावशी, कोर्टात असलं चालत न्हाई." म्हणून कोर्टापुरतं 'माझे' राहू दिलं आहे.

माझं लग्न झालं नाही. ठरलं होतं, मोडलं, आणि त्याचं वाईट वाटणंही केव्हाच संपलं. वारस एकच आहे, माझा धाकटा भाऊ महेबूब, मुक्काम नांदेड. आमच्या शरीयतीप्रमाणे माणसाला आपल्या मर्जीने फक्त एक तृतीयांश देता येतं, बाकीचं वारसाचं. त्यापेक्षा जास्त कोणाला लिहून दिलं, तर वारसाची संमती लागते, आणि तीही लिहिणारा गेल्यानंतर दिलेली. हा नियम वकिलांनी मला समजावून सांगितला. मी तो पुन्हा पुन्हा विचारून घेतला, त्याचं कारण पुढे येईल.

१. माझी हत्यारं, म्हणजे कानशी, चिमटे, पितळी सुरांचे, म्हणजे वाऱ्याने वाजणाऱ्या पात्यांचे, डबे, भात्याचं कातडं कापायची सुरी आणि अब्बांचं लाकडी स्टूल, हे सगळं लुंबिनीला द्यावं. लुंबिनी लग्नाआधीपासून माझ्याकडे काम शिकते, आणि आता खरं सांगायचं तर दुकान तीच चालवते. माझ्या हाताला कंप सुटल्यापासून सूर घासायचं काम तिचंच आहे. गिऱ्हाईक मला सलाम करतं आणि पेटी तिच्या पुढ्यात ठेवतं, याचा मला राग येत नाही. थोडा येतो.

२. काळी पेटी लुंबिनीचा मोठा भाऊ धम्मानंद याला द्यावी. तो भीमगीतं गातो, त्याची गायन पार्टी आहे, आणि त्याच्या पट्टीत नीट बसणारी पेटी ही एकच. तो आला की आमचा वाद ठरलेला. एकदा तो म्हणाला, "मावशी, आमच्यात 'मी' म्हणून कायमचा कुणी न्हाईच." मी म्हणाले, "आमच्या अब्बांच्या हिशेबानं 'मी' म्हणायचा हक्क एकालाच हाय, आणि त्यो मी न्हवं." तेवढ्यात लुंबिनी कपबशा घेऊन आली. म्हणाली, "म्हंजे तुमी दोघंबी न्हाईत. मग ह्यो च्या कुणासाठी केला?" आम्ही दोघांनी निमूट चहा प्यायला.

३. बँकेत जे निघेल त्यातून माझं कफन-दफन करावं आणि उरलेलं महेबूबला द्यावं. जेवणं घालायची तर साधी घालावी. मी असताना कधी घरी न आलेल्या लोकांना वर गोड म्हणून दूध-शक्करचा आग्रह करू नये.

४. अर्धापूरचे आप्पासाहेब यांच्या भजनी मंडळाची पेटी दुकानात येईल तेव्हा दुरुस्त करून द्यावी, पण त्यांना माझ्या वतीने दोन शब्द ऐकवावे. ते पेटीवर केळीचे घड ठेवतात. केळीच्या चिकाचा डाग लाकडावरून जात नाही, हे मी त्यांना सांगून थकले. ते हसतात आणि मला केळी देतात. केळी मी खाल्ली आहेत, पण राग गेलेला नाही.

५. आता दुकान, आणि त्याच्या मागची राहती खोली.

ही जागा अब्बांची. ते गेले तेव्हा दोन हिस्से महेबूबचे आणि एक माझा होता. जगात बहिणी भावाला हक्कसोड लिहून देतात. माझ्या भावाने मला लिहून दिलं. रजिस्ट्री कचेरीतला कारकून त्याला म्हणाला, "उलटं लिहिलंय का हो साहेब?" महेबूब म्हणाला, "न्हाई. बरोबर लिहिलंय. पेटीला भाता आपानंच लावलाय आजवर, मी नुस्ता ऐकलो." असा माझा भाऊ आहे. पुढचं वाचताना कोणी त्याच्याबद्दल वेडंवाकडं मनात आणू नये.

आमचं बिनसलं ते त्यानंतर, अब्बांच्या मौतीच्या चाळिसाव्या दिवशी, कबरीवरच्या दगडावरून.

महेबूब नांदेडला नोकरीला लागल्यावर दीनाचं, म्हणजे धर्माचं, वाचन करू लागला होता. नीट, विचार करून वाचायचा. त्याला अब्बांचं हमा ओस्त पटत नसे. तो म्हणायचा, आपा, मध्ये एक शब्द राहिलाय. हमा अज ओस्त म्हणा. सगळं त्याच्यापासून आहे. आमच्या घरात दखनी बोलतात, मी इथे मराठीत लिहिते. तो म्हणायचा, "सुराला वारा लागतो, खरं हाय. पण सूर म्हंजे वारा न्हवं. बंदा बंदा हाय, रब रब हाय." माणूस वेगळा, पालनहार वेगळा, असं त्याचं. मी म्हणायचे, "मग वारा गेल्यावर सूर कुठं ऱ्हातो, दाखव." अब्बा असेपर्यंत हे भांडण जेवणाआधी सुरू होऊन जेवणानंतर संपत असे. अब्बा हसत आणि दोघांच्याही ताटात वाढत.

अब्बा गेल्यावर हसणारं कोणी राहिलं नाही. महेबूब म्हणाला, दगडावर फक्त नाव आणि तारीख टाकू. मी म्हणाले, अब्बांचे दोन शब्द हवेतच. माझं ऐकून त्याने पुढचं माझ्यावर सोडलं. माझी शाळा मराठी, उर्दू लिहिताना हात अडखळतो, म्हणून मी कागदावर बाळबोध अक्षरांत लिहिलं, 'हमा ओस्त', आणि कागद ईश्वरप्पाकडे दिला. ईश्वरप्पा दगड घडवतो. नंदी, पाटा-वरवंटा, शाळेची कोनशिला, जे सांगाल ते.

चाळिसाव्याला दगडावरचं पोतं काढलं. वर अब्बांचं नाव होतं, आणि खाली ठसठशीत कोरलं होतं : हम दोस्त.

ईश्वरप्पा कौतुकाने उभा होता. म्हणाला, "अव्वा, तुमच्या कागदात म ला काना जास्तीचा पडला होता, आन् द राहून गेला होता. मी नीट करून दिलो की." पाहुण्यांत कोणीतरी हसलं. महेबूबचा चेहरा पांढरा पडला. "आपा, ही कबर हाय का बँड पार्टीचा बोर्ड?" मीही पेटले होते. मग आम्ही दगडाचं सोडून जुनंच भांडण काढलं, भर कबरस्तानात. शेवटी तो असं बोलला की मला अजून शब्द न् शब्द ऐकू येतो. "सगळं त्योच असंल, आपा, तर मेल्यावर मी अब्बाला कसा भेटू? कोण कुणाला भेटंल? भेटायला दोघं लागतात."

यावर माझा आवाज चढला. तो म्हणाला, "ह्यो दगड हितं हाय तोवर मी उदगीरला येणार न्हाई." मी म्हणाले, "दगड राहील."

दगड राहिला. महेबूब आला नाही. ईदला फोन करतो. मुबारक म्हणतो, गोळ्या घेतेस का विचारतो. मग कोणीतरी ठेवतो.

ईश्वरप्पा नवा दगड फुकट द्यायला तयार होता. कोरा दगड दुकानाच्या भिंतीला टेकवून ठेवून गेला, तो अजून तिथेच आहे. आधी मी जिद्दीने बदलला नाही. पुढे मला तो चुकलेला दगड वाचायची सवय लागली. दर जुम्म्याला जाते, बसते. हम दोस्त. दोस्त म्हटलं की दोघं आलेच. म्हणजे दगडाने माझ्या भावाची बाजू घेतली. पण 'हम' कसला शब्द आहे बघा, आमच्याकडे एकटा माणूसही स्वतःला हम म्हणतो आणि दहा जणही हमच म्हणतात. त्यात मी कुठे संपते आणि दुसरा कुठे सुरू होतो, ते कळत नाही. म्हणजे अब्बांचंही राहिलं. ज्या गोष्टीवर आम्ही भावंडं एका ताटावरून उठलो, ती ईश्वरप्पाने एक द वाढवून मिटवली होती, आणि आम्ही त्यालाच बोल लावत बसलो.

अब्बांना मी एकदा विचारलं होतं, सगळं तोच आहे तर मग आठवण कोणाला येते आणि कोणाची? अब्बा म्हणाले, "बाजा मिटला तरी भात्यात जरासा वारा ऱ्हातोच. त्यो बाहेरच्या वाऱ्यात जायला बघतो. त्यालाच आठवण म्हन्तात." तेव्हा मला ते नुसतं गोड वाटलं. आता छातीत कळतं. मला माझ्या भावाची फार आठवण येते. मृत्युपत्रात असं लिहीत नाहीत, असं वकील म्हणतात. मी लिहिते.

दगडाचं हे सगळं मला त्याला सांगायचं आहे. फोनवर सांगता येत नाही. मी प्रयत्न केला, तर गोळ्यांवरच येऊन थांबले. हे त्या दगडासमोर उभं राहूनच सांगायचं आहे, आणि तो येत नाही.

म्हणून लिहून ठेवते की दुकान आणि खोली, पूर्ण, लुंबिनीला द्यावी.

इथे वकिलांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मावशी, ह्ये एक तृतीयांशाच्या लई वर जातंय. तुमच्या भावानं संमती दिल्याबिगर टिकणार न्हाई. त्याला हितं येऊन सही करावी लागंल."

मी म्हणाले, "लागू द्या की. त्यासाठीच लिहून राहिले."

लुंबिनीला हे सगळं सांगून विचारलं आहे. महेबूबने नाही म्हटलं तर तिला हत्यारं आणि एक तृतीयांशापुरताच हिस्सा मिळेल. ती म्हणाली, "मावशी, मामा न्हाई म्हणणार न्हाईत. आन् म्हणले तरी येतील तर खरं." तिने महेबूबला कधी पाहिलेलं नाही. माझ्या तोंडून ऐकून ऐकून ती त्याला मामा म्हणते.

६. मला अब्बांच्या शेजारी पुरावं. भिंतीला टेकवलेला कोरा दगड माझा. त्यावर काय कोरायचं ते महेबूबने ठरवावं. हमा ओस्त कोरलं तर अब्बा खूश होतील. हमा अज ओस्त कोरलं तर मी तक्रार करायला उठणार नाही. नुसतं नाव टाकलं तरी चालेल. मात्र जे असेल ते कागदावर लिहून ईश्वरप्पाकडेच द्यावं, आणि कोरून झाल्यावर तपासू नये.

अब्बांचा दगड कोणी बदलू नये.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवलं, मी ऐकलं, आणि ते माझ्या मनासारखं आहे. याआधी मी दुसरं केलेलं नाही, यानंतर करायला वेळ मिळेलसं वाटत नाही. उदगीर, दिनांक ९ डिसेंबर २०२४.

लिहून ठेवणार : खैरून इमामसाब पेटीवाले (सही)

साक्षीदार :
ईश्वरप्पा बिरादार, दगडकाम, उदगीर (सही. स्वतःचं नाव बरोबर लिहिलं आहे, मी बघितलं.)
डॉ. आरती पाटील, उदगीर (सही)

वारसाची संमती, मृत्युपत्र करणारीच्या पश्चात :

महेबूब, ही जागा तुझ्या सहीसाठी सोडली आहे. कागद नांदेडला पाठवायचा नाही, असं वकिलांकडून कबूल करून घेतलं आहे. आधी कबरस्तानात जा. अब्बांचा दगड मोठ्याने वाच, मी शेजारीच आहे. मग दुकानात ये, अब्बांच्या स्टुलावर बस आणि लुंबिनीला चहा ठेवायला सांग. दोन कप सांग. ती विचारील, दुसरा कुणासाठी. तिला उत्तर तू दे, आणि मग सही कर.