आईला तेच इंजेक्शन

बाबा, आईला आता तेच इंजेक्शन द्यायचं ठरलं, पोटात टोचायचं, रक्त पातळ करणारं. न्हाणीघरात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि पायात रक्ताची गाठ सापडली, अगदी तुमच्यासारखीच. इंजेक्शन नाही दिलं तर गाठ फुप्फुसात जाईल. दिलं तर काय होऊ शकतं, ते आपल्या घराला कुणी समजावायला नको.

रेल्वे क्वार्टरमधली ती दुपार अजून दिसते. सिस्टर म्हणते, "बाउजी, पेट ढीला छोड़ो." तुम्ही म्हणता, "इतना तो जयपुर का मच्छर भी नहीं काटता." भेटायला आलेल्यांना मी रक्ताची गाठ म्हणजे काय ते तावातावानं सांगतेय आणि तुम्ही हात जोडता, "वक्त्या बाई, पेशंटला झोपू द्या." मग तुम्हाला खोकला लागला. खोकता खोकता पोटात कळ आली. गॅस असेल, म्हणालात. आईनं ओवा दिला, गरम पाण्याच्या पिशवीनं शेकलं. संध्याकाळी पिशवी उचलली तर खाली टणक गोळा, आणि तुमचा चेहरा पांढराफटक. पोटाच्या स्नायूत रक्त साचत होतं. तुमची मूत्रपिंडं थकलेली, औषध अंगातून बाहेरच पडत नव्हतं. डॉक्टरांनी उतारा दिला, रक्त चढवलं. तुम्ही राहिला नाहीत.

तेव्हापासून आई एकच धरून बसलीय, "मी शेकलं म्हणून रक्त वाह्यलं." शेकण्यानं फार फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यातला 'फार' तिनं कधी सोडला नाही. विरोधात बसलेली सभागृहं मी बोलून माझ्या बाजूला आणली आहेत, पण या एका बाईपुढे माझं काही चाललं नाही.

काल इथल्या, जयपूरच्या सी-स्कीम भागातल्या हॉस्पिटलात डॉक्टरांना मी उलटसुलट विचारलं. मूत्रपिंडं तपासून डोस कमी ठेवलाय, रक्तही तपासत राहू, म्हणाले. मग शांतपणे, "गारंटी नहीं दे सकता, मैडम." भला माणूस. भांडायलाही जागा ठेवली नाही त्यानं.

सिस्टर सुई घेऊन आली तेव्हा आईनं माझा हात धरला. "तुझ्या बाबाले हेच दिलं होतं नं?"

"हो."

"मंग मले काही होईन का? तू एवढं वाचते, तू सांग."

पुराव्याशिवाय बोलणाऱ्यांवर मी आयुष्यभर तुटून पडले. काल म्हणाले, "काही होणार नाही, आई." तिनं लगेच पोटावरचा पदर बाजूला केला.

तिला सांगता येत नाही आणि तुम्ही हे वाचणार नाही, म्हणून इथं लिहिते. मला माहीत नव्हतं, बाबा. अजूनही नाही.