लेखांना लावलेलं कुलूप

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (खरा साष्टांग पाठीमुळे आता जमत नाही, कागदावरचा गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? इकडे मी बरा आहे, म्हणजे उठतो, दुकान उघडतो, लोकांची शिलाई मशीनं दुरुस्त करतो आणि वैतागतो. पत्र लांबणार आहे, तेव्हा चहा आधीच करून घे.

तुला माहीतच आहे, गेली आठ वर्षं मी एका बोटाने टाइप करून आपल्या वेबसाइटवर दुरुस्तीचे लेख लिहितोय. दोरा का तुटतो, टाका का सुटतो, असे चौसष्ट झाले. गेल्या महिन्यात कळलं की समोरच्या दुरुस्तीवाल्याने (तोच तो, माझ्यापेक्षा मोठी पाटी लावणारा) त्यातले त्रेपन्न उचलून स्वतःच्या वेबसाइटवर चिकटवलेत. शब्द न् शब्द. माझ्या ताईने एकदा मशीनमध्ये केसांची पिन घालवली आणि वर मलाच बोल लावला, हे वाक्यसुद्धा. अगं, त्या माणसाला बहीणच नाही. तीन भाऊ आहेत आणि एकाच्याही डोक्यावर पिन लावण्याइतके केस नाहीत. लेख नेले ते नेले, बहीणही नेली. मला फार लागलं ते.

म्हणून वेबसाइटवाल्याला गाठलं. त्याने असं कुलूप लावून दिलं की मजकुरावर कुणी बोट दाबून धरलं की लाल अक्षरांत पाटी येते: चोरी करू नका. दोन दिवस मीच दाबून दाबून बघत होतो, इतकं समाधान. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई आल्या. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी माझा फोन नंबर शेजारी बसलेल्या जावेला पाठवायला म्हणून दाबला, तर ही पाटी. जावेदेखत मला चोर ठरवलंत म्हणाल्या, आणि आपलं मशीन उचलून समोर घेऊन गेल्या. (त्याच्याकडे नंबर कॉपी होतो.) चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. चोराने हवं ते आधीच नेलेलं. बैल गेला नि झोपा केला, आणि झोप्याला धडकतोय मी.

कारण खरी गंमत पुढेच आहे. शिवणकामाच्या शाळेच्या मोठ्या बाई दुकानात आल्या. त्यांना चौसष्टच्या चौसष्ट लेखांची पुस्तिका छापायची आहे, मुखपृष्ठावर माझं नाव, मजकूर सोमवारपर्यंत हवा. ताई, जन्मभर मी दुसऱ्यांच्या मशीनखाली डोकं घालून बसलो. दुकानाच्या पाटीशिवाय माझं नाव कुठे छापलं गेलं नाही. ही पुस्तिका मला हवी आहे, सांगायला लाज कसली. तर उत्साहाने मजकूर काढायला बसलो, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, आणि माझ्याच वेबसाइटने मला सांगितलं, चोरी करू नका. सगळं थेट तिथेच लिहिलेलं, दुसरीकडे अक्षर नाही. वेबसाइटवाल्याचा फोन बंद. नोकरी धरून परगावी गेलाय म्हणे. त्याच्या गाळ्यात आता किल्ल्या बनवणारा बसतो. त्यालाही विचारून पाहिलं. असलं कुलूप आमच्याकडे येत नाही, म्हणाला.

शेवटी काय करणार. समोरच्याच्या वेबसाइटवर गेलो, शटर अर्धं ओढून घेतलं, आणि माझे त्रेपन्न लेख कॉपी करून घेतले. त्याने कसलंही कुलूप लावलेलं नाही. लोकांवर विश्वास आहे बिचाऱ्याचा.

दाजींना नमस्कार. बाकी ठीक.

तुझा दमलेला भाऊ

ता. क. उरलेल्या अकरा लेखांना त्याने हातच लावलेला नाही. मशीन कसं पुसावं, तेल कुठे द्यावं, सगळे जीव ओतून लिहिलेले. चोरायच्या लायकीचेही वाटले नाहीत, याचं मला चोरीपेक्षा जास्त वाईट वाटतंय. तू तीस वर्षं कचेरीत टायपिस्ट होतीस. तेवढे अकरा स्क्रीनवर बघून शनिवारपर्यंत टाइप करून दे. नाही म्हणू नकोस.

आणखी एक. ते त्रेपन्न तुला वेगळे पाठवलेत, सगळं जोडून शाळेला तूच पाठव. शब्द न् शब्द उचलला म्हणालो, ते तितकंसं खरं नाही. सुईची सपाट बाजू कुठे ठेवायची ते मी आठ वर्षं उलटं सांगत होतो. त्याने ते सुलटं केलंय. ते तसंच राहू दे. नाव माझंच घाल.